टेलचा शेतकरीही आपलाच सभासद

सभासद बंधू-भगिनींनो,

उसाची नोंद वाढवणे हे माझे काम. तरी यंदा सांगतो, पाण्याचा हिशेब केल्याशिवाय नवी लागण करू नका.

पैठणच्या नाथसागराची पायाभरणी 18 ऑक्टोबर 1965 रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली. 1976 साली धरण पुरे झाले आणि गोदावरीचे पाणी कालव्याला लागले. साठवण सुमारे 102 टीएमसी, पण उपयुक्त साठा सुमारे 76 टीएमसीच. त्यात शहराचे पिणे, कारखानदारी आणि शेती. जलाशय पसरट व उथळ, म्हणून उन्हाळ्यात बाष्पीभवनही फार. 2019 च्या उन्हाळ्यात साठा मृतसाठ्यावर गेला, तेव्हा वाळलेला ऊस आपण डोळ्यांनी पाहिला.

नाशिक-नगरच्या धरणांनी आपला वाटा सोडावा, हे आपले म्हणणे रास्तच आहे. 2005 च्या कायद्यात समन्यायी वाटपाचे तत्त्व आहे. त्याच आधारे 2023 साली वरून पाणी सोडावे लागले.

पण आपल्या चारीवर काय चालतं? मागच्या आवर्तनात मी एक चारी पायी फिरलो. तोंडाशी रात्रभर दारं मोकळी, सरीत घोटाभर पाणी. टेलला खोडव्याची पानं सुरळी झालेली. दोघेही आपलेच सभासद. वरच्या धरणवाल्यांना आपण जे सुनावतो, तेच टेलवाला आपल्याला सुनावतो. त्याला काय उत्तर द्यायचं?

मुळाला पाण्याइतकीच हवा लागते. पाणी तुंबलं की वाफसा येत नाही, खत झिरपून जातं, भारी जमीन चोपण होते. म्हणजे जास्त पाणी देऊन टनेज वाढत नाही, जमीन मात्र जाते.

तेव्हा चार गोष्टी करा. खोडव्याचे पाचट पेटवू नका, सरीत दाबा. पाणी कमी असेल तेव्हा एकआड एक सरी भिजवा. नवी लागण पट्टा पद्धतीने आणि जमेल तेवढी ठिबकवर करा. आणि पाळी संपली की दार बंद करा, मग रात्रीचे दोन का वाजेनात.

अर्धा एकर ऊस कमी लावा, पण लावलेला पोसा. नोंद कमी झाली तर संचालक मंडळापुढे उत्तर मी देईन. टेलच्या भावाला उत्तर मात्र तुम्हालाच द्यायचे आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी