अंदाजपत्रकाने दिले, अधिसूचनेने नेले



२०२१ च्या अंदाजपत्रकाने परदेशी कापसावर आयात शुल्क बसवले, अधिभारासकट ११ टक्के. पुढच्याच वर्षी कापूस तेजीत येताच, एप्रिलमध्ये, ते माफ झाले. २०२५ च्या अंदाजपत्रकात कापूस उत्पादकतेचे पाच वर्षांचे अभियान आले, बाके वाजली. ऑगस्टात आमची बोंडे भरत होती तेव्हा शुल्क पुन्हा शून्यावर आणले, आणि ते ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे ऐन वेचणीचा हंगाम!

त्याच महिन्यात अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के कर लावला, कापडवाले अडचणीत आले. अडचण खरी आहे. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचीच पोरे कामाला जातात; कारखाने बंद पडावेत असे आम्ही कसे म्हणू? पण देशावर संकट आले की पहिली वर्गणी कोरडवाहूच्याच घरातून का? २०१० आणि २०१२ साली तर कापसाची निर्यातच अडवली होती. आयात खुली करायची तर खुशाल करा, मग निर्यातीच्या वाटेतही कधी आडवे येऊ नका.

२०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये, मालदांडी ज्वारीचा ३,७४९. हे झाले कागदावरचे. बैठकीला येताना आपापल्या विक्रीच्या हिशोबपट्ट्या आणा, ज्वारीच्यासुद्धा. फरक तिथेच मांडू.