घर-अंगण : बागेत जाताना पायांत काय घालाल?



पाऊस पडून माती मऊ झाली, तू बिश्वात जवळ आला, की नातवंडांबरोबर एखादे रोप लावायची हौस सर्वांनाच येते. कुदळ निघते, झारी निघते. पायांत मात्र घरातल्या सपाताच! कोकणात आपली माणसे शेतात अनवाणी फिरली हे खरे. पण आता वय झाले, कित्येकांना मधुमेह आहे. मधुमेहाने पाय बधिर होऊ शकतात. काटा रुतला तरी कळत नाही, आणि लहानशी जखम चिघळून पाय गमावण्याची पाळी येते. म्हणून बागेसाठी एक मजबूत बूटजोड वेगळा ठेवाच.

खरेदीला संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. बागेत जे मोजे घालणार तेच घालून दोन्ही बूट चढवा आणि दुकानात चार पावले चालून बघा. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. “वापरून सैल होईल” म्हणून घट्ट बूट घेऊ नका. तळ जाड व खाचांचा आणि उंची घोट्याच्या वर असावी.

कामगारांच्या बुटांवर खूण असते, ती वाचा. ‘एस-१’ म्हणजे बोटांवर कडक टोपी. ‘एस-३’ म्हणजे टोपी आहेच, शिवाय खिळ्याला अडवणारा तळ, आणि वरून पाणीही सहज शिरत नाही. कुदळ चालवणाऱ्याने एस-३ घ्यावा. नुसते झाडांना पाणी घालणाऱ्याला एवढे वजन कशाला? साधा बंद बूट पुरे. रबरी गमबूट चिखलात छान, पण उन्हाळ्यात त्यात पाय घामाने भिजतात.

आणखी एक. इथला विषारी साप ‘त्सेफा’ हा आपल्या घोणशीचा भाऊबंद. उन्हाळ्यात तो रात्री फिरतो, तेव्हा अंधार पडल्यावर उघड्या पायांनी बागेत नको. चावलाच तर बांधू नका, चिरू नका. पाय न हलवता १०१ नंबर फिरवा.

मुलांनो, आता तुमचे काम. आजोबांनी बूट घालण्याआधी तो उलटा करून आपटायची त्यांना आठवण करा. आत विंचू दडलेला असू शकतो, म्हणून तुम्ही मात्र हात घालायचा नाही, बरं का! आणि रात्री आजी-आजोबांचे तळवे बघा. ओरखडा दिसला तर लगेच आईबाबांना सांगा. त्यांना जे दिसत नाही, ते तुमच्या डोळ्यांना दिसते.