कुलगुरूंची उमेदवारी

मराठीत 'उमेदवारी' या शब्दाला दोन अर्थ आहेत. आज तो शब्द बहुधा निवडणुकीपुरता किंवा नेमणुकीच्या अर्जापुरता उरला आहे. पण पूर्वी कचेरीत, छापखान्यात किंवा वकिलाच्या ओसरीवर बिनपगारी बसून काम शिकणाऱ्यालाही उमेदवारच म्हणत. विद्यापीठांच्या कुलगुरुपदासाठी पहिल्या अर्थाची उमेदवारी आपल्या राज्यात विपुल आहे. एका जागेसाठी अर्जांचा ढीग पडतो, शोध समिती बसते, मुलाखती होतात, पाच नावे कुलपतींकडे जातात आणि त्या काळात कोणाचे पारडे जड आहे याची चर्चा वृत्तपत्रांतून रंगते. दुसऱ्या अर्थाची उमेदवारी मात्र आपल्याकडे जवळजवळ नाहीच. विद्यापीठ चालविण्याचे काम कोणी, कोठे आणि कोणाच्या हाताखाली शिकावे, हा प्रश्न आपण विचारलेला नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे कुलगुरुपदासाठी प्राध्यापक म्हणून किमान दहा वर्षांचा अनुभव लागतो. हा अनुभव कशाचा? अध्यापनाचा, संशोधनाचा, फार तर आळीपाळीने वाट्याला येणाऱ्या विभागप्रमुखपदाचा. दहा-पंधरा सहकारी, एक लिपिक, एक प्रयोगशाळा आणि वर्षाकाठी एखादा परिसंवाद, एवढा संसार सांभाळलेल्या विद्वानाच्या हाती एके दिवशी शेकडो संलग्न महाविद्यालये, लाखो परीक्षार्थी, कोट्यवधींचा अर्थसंकल्प, न्यायालयांतील दावे, बिंदुनामावलीचे तंटे, अधिसभेतील गट आणि मंत्रालयातून येणारे दूरध्वनी हे सगळे एकदम येते. कार्यकाल पाच वर्षांचा. त्यातले पहिले वर्ष कोणती फाइल कोणाच्या टेबलावर अडते हे समजण्यात जाते आणि शेवटचे वर्ष उत्तराधिकाऱ्याच्या चर्चेत. शिवाय २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने प्र-कुलगुरू आणि अधिष्ठाते यांचा कार्यकाल कुलगुरूंच्या कार्यकालाशी बांधून टाकला आहे. कुलगुरू गेले की ज्यांनी त्यांच्याजवळ बसून काही शिकून घेतले असेल, तेही त्यांच्याबरोबर पायउतार होतात. नवा धनी येतो तो रिकाम्या घरात.

याची किंमत कोण देते, हे मुंबईकरांना सांगण्याची आवश्यकता नाही. २०१७ च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला आणि तो त्याच परीक्षेपासून अमलात आणला. कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत उलटून गेली, निकाल महिनोन्महिने रेंगाळले, परदेशी किंवा अन्यत्र प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलांच्या हातून वर्ष निसटण्याची वेळ आली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर व्हावे लागले. त्या प्रकरणात विद्वत्ता कमी पडली असे कोणी म्हणणार नाही. पडद्यावर तपासणी करण्याची कल्पनाही मुळात चुकीची नव्हती. कमी पडले ते व्यवहाराचे साधे शहाणपण: एवढी मोठी पद्धत आधी एका विद्याशाखेत चालवून पाहावी, परीक्षकांना ती हाताळू द्यावी, कंत्राटदाराची तयारी स्वतः डोळ्यांखालून घालावी आणि जुनी व्यवस्था एक वर्ष तरी हाताशी ठेवावी. हे शहाणपण ग्रंथालयात मिळत नाही. ज्याने एकदा तरी परीक्षा विभागात एप्रिल ते जुलै काढले आहेत, त्याला ते कोणी शिकवावेही लागत नाही.

सरकारने या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर अनुदान आयोगाने विद्यापीठांतून अ‍ॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजे काढली. २०१५ मध्ये त्यांचे नाव बदलले आणि २०२३ मध्ये मालवीय अभियानाखाली ते पुन्हा बदलले. तेथील उद्बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग प्राध्यापकांना चांगले ठाऊक आहेत. पदोन्नतीला लागणारे प्रमाणपत्र तेथे मिळते आणि पुष्कळांच्या लेखी त्या वर्गांचा महिमा तेवढ्यावरच संपतो. पुढे नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने खास भावी शैक्षणिक प्रमुखांसाठी 'लीप' या नावाची योजना जाहीर केली. देशातील पंधरा नामवंत संस्थांकडे तिचे काम सोपविले होते. दुसऱ्या फळीतील प्राध्यापक हेरून त्यांना तयार करावे हा हेतू योग्यच होता. पण मुदत तीन आठवड्यांची! दोन आठवडे देशात आणि एक आठवडा परदेशी विद्यापीठात. तीन आठवड्यांत मनुष्य व्याख्याने ऐकू शकतो, टिपणे काढू शकतो, सामूहिक छायाचित्रात उभा राहू शकतो. परीक्षा विभागातील एक हंगाम काही तो पाहू शकत नाही.

अमेरिकेत या प्रश्नाचा विचार निराळ्या रीतीने झाला. तेथील 'अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन' या संस्थेने १९६५ पासून अधिछात्रवृत्तीची एक योजना चालविली आहे. एखादे विद्यापीठ आपल्यातील एका होतकरू प्राध्यापकाचे किंवा अधिकाऱ्याचे नाव सुचविते आणि त्याचा पगार चालू ठेवते. तो प्राध्यापक दुसऱ्याच एका विद्यापीठात जाऊन तेथील अध्यक्षांच्या आणि त्यांच्या प्रमुख सहकाऱ्यांच्या सान्निध्यात काम पाहतो. अर्थसंकल्पाच्या बैठकीत बसतो, देणगीदारांशी होणारी बोलणी ऐकतो, निर्णय चुकला तर तो कसा निस्तरला जातो तेही पाहतो, आणि आपल्या संस्थेचा एखादा खरा प्रश्न डोक्यात घेऊन परत जातो. दोन हजारांहून अधिक माणसे या वाटेने गेली आणि त्यांतील कितीतरी पुढे विद्यापीठांच्या व महाविद्यालयांच्या प्रमुखपदी पोहोचली. दुसऱ्याच्या घरी शिकायचे, ही यातील खरी खुबी आहे. आपल्या घरात मनुष्य कोणत्या ना कोणत्या गटाचा असतो. परक्या घरी तो नुसता विद्यार्थी असतो.

तथापि अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. १८८४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी ७५ रुपये मासिक वेतनावर २० वर्षे सेवा करण्याची शपथ घेतली, त्यांतील त्यागाचे गोडवे आपण शाळेत गातो. त्या व्यवस्थेची दुसरी बाजू मात्र कोणी सांगत नाही. ती शिक्षकांनी चालविलेली संस्था होती आणि म्हणून ती कारभार शिकविणारी शाळाही होती. गोखल्यांनी वर्गात गणित आणि इतिहास शिकविला, तसेच फर्ग्युसनच्या इमारतीसाठी दारोदार फिरून वर्गणीही गोळा केली आणि संस्थेचे चिटणीसपद सांभाळले. पुढे मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावर त्यांनी जी भाषणे केली, त्यांची पहिली तालीम त्या चोपड्यांतच झाली असली पाहिजे. सदस्यांच्या बैठकींत कडाक्याचे मतभेद होत; १८९० मध्ये टिळक बाहेर पडले ते अशाच वादातून. पण त्या वादांतही माणसे घडत होती. केंब्रिजला सीनियर रँग्लर होऊन आलेले र. पु. परांजपे १९०२ मध्ये प्राचार्य झाले तेव्हा अवघे सव्वीस वर्षांचे होते आणि ते निभावले, कारण त्यांच्या आजूबाजूला संस्था उभारलेली जाणती माणसे बसलेली होती. शेतकरी नव्या गोऱ्ह्याला जुपतो तो जुन्या बैलाच्या जोडीला, आणि तेही रिकाम्या गाडीला. आपण आपल्या विद्वानांना भरल्या गाडीला एकटे जुपतो आणि गाडी कलंडली की त्यांच्या नावाने बोटे मोडतो.

अशा अधिछात्रवृत्तींवर दोन आक्षेप घेतले जातात. नेतृत्व हे उपजतच असावे लागते, हा पहिला. त्याचा फार विचार करण्याचे कारण नाही. गळा उपजत असला तरी गवयाला गंडा बांधावाच लागतो. दुसरा आक्षेप मात्र आम्हांला खरोखरीच अस्वस्थ करतो. चांगल्या शिक्षकाला वर्गातून उचलून खुर्चीची चटक लावायची, आणि कंपन्यांच्या परिभाषेत बोलणारी, विद्यार्थ्याला ग्राहक समजणारी एक नवी अधिकारी जात निर्माण करायची, हेच यातून होणार नाही काय? आम्ही स्वतः काही वर्षे शाळेत शिकविले आहे. वर्गात रमणारा एक उत्तम शिक्षक मुख्याध्यापक झाला आणि त्या दिवसापासून त्याच्या हातातला खडू सुटला, हे आम्ही पाहिले आहे. शाळेला मुख्याध्यापक बरा मिळाला. पण नववीच्या वर्गाचे जे गेले ते परत आले नाही. हा तोटा खरा आहे आणि योजना आखणाऱ्यांनी तो जमेस धरलाच पाहिजे. परंतु शिक्षकांनी कारभार शिकला नाही, तर तो कोणीतरी दुसरा करतो. निवृत्त सनदी अधिकारी करतो, संस्थाचालकाचा पुतण्या करतो, किंवा खासगी सल्लागार संस्था करते. ज्यांना खडू माहीतच नाही, त्यांच्या हाती विद्यापीठ देण्यापेक्षा खडू खाली ठेवणारा बरा.

तेव्हा आमचे म्हणणे असे की, महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांनी एकत्र येऊन पूर्ण एका शैक्षणिक वर्षाची अधिछात्रवृत्ती सुरू करावी. निवडलेल्या प्राध्यापकाने ते वर्ष दुसऱ्या विद्यापीठात काढावे: मुंबईच्याने कोल्हापुरात, नांदेडच्याने पुण्यात, आणि पुण्याच्याने अमरावतीत जायला नाक मुरडू नये. कुलगुरूंबरोबरच कुलसचिव, वित्त विभाग आणि परीक्षा विभाग यांच्याकडे त्याने प्रत्येकी काही महिने बसावे. वय चाळीस-पंचेचाळीसच्या आतबाहेर असावे. निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या गृहस्थांना सत्कार म्हणून पाठवायची ही जागा नव्हे. महाविद्यालयांतील शिक्षकांना, विशेषतः तालुक्याच्या गावांतील शिक्षकांना, तीत हक्काचा वाटा हवा. कारण कित्येक महाविद्यालये वर्षानुवर्षे प्रभारी प्राचार्यांवर चालली आहेत आणि कुलगुरूंइतकीच तेथेही जाणत्या माणसांची वाण आहे. घरसंसारामुळे वर्षभर गाव सोडणे ज्यांना कठीण, अशा प्राध्यापिकांसाठी जवळच्या विद्यापीठाची सोय ठेवावी. नाहीतर निवड पुरुषांचीच होईल आणि स्त्रिया पुढेच आल्या नाहीत, असे वर म्हटले जाईल.

हे सर्व करूनही शोध समितीने ही तयारी मोजायची नाही असेच ठरविले, तर वर्ष वाया जाईल. समितीसमोर येणाऱ्या अर्जांत शोधनिबंधांची संख्या असते. कोणाच्या हाताखाली काय शिकलो, याला रकाना नसतो. तो रकाना शासनाला एका पत्रकाने घालता येईल.

राहता राहिला खर्च. तो फार नाही, परंतु जो आहे तो चुकविता येणार नाही. वर्षभर गेलेल्या प्राध्यापकाच्या जागी पूर्ण वेतनावर शिक्षक नेमावा लागेल. तासिका तत्त्वावर एखाद्या गरजू पदवीधराला उभे करून ती जागा भरली, तर जाणाऱ्या प्राध्यापकाच्या विद्यार्थ्यांनी या योजनेला दुवा द्यावा असे काही उरणार नाही. नवे वर्ष जूनमध्ये सुरू होते. त्यासाठीची तरतूद त्याआधीच्या मार्चमधील अंदाजपत्रकात दिसली पाहिजे.