परदेशी शिक्षण: तयारी आपली, निधी सरकारचा

जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीसाठी १०६ विद्यार्थी निवडले गेले; पत्रे मात्र आधी ४० जणांनाच मिळाली. उरलेल्या ६६ जणांचे भवितव्य निधीवर टांगले गेले. परदेशी विद्यापीठे निधीसाठी थांबत नाहीत.

१९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजातील पगारातून केलेली बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज, या बळावर ते १९२० साली पुन्हा गेले. एकाच आधारावर विसंबू नये, हाच धडा.

पनवेलमध्ये आम्ही पाहतो, प्रवेश मिळाल्यावर कागदपत्रांची धावाधाव सुरू होते. जातवैधता आणि पासपोर्ट दोन वर्षे आधीच काढा. आयईएलटीएसचे गुण दोन वर्षे ग्राह्य असतात. ती परीक्षा वर्षभर आधी द्या. केंद्रासोबत राज्याच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीलाही अर्ज करा.

पण चोख तयारी करूनही निधीअभावी जागा गेली, तर तो दोष विद्यार्थ्याचा नाही. त्याचा जाब आपण संघटितपणे विचारलाच पाहिजे. जय भीम!