विश्लेषण : ग्लुकोमीटरवर साखर जास्त दिसली, ‘बॉर्डरलाइन’वाल्यांनी काय समजायचे?

मे महिन्यातली रत्नागिरीतल्या अनेक घरांतली दुपार. पेटीतला हापूस कापून झाला, फोडी वाटून झाल्या आणि ‘सहज बघू या’ म्हणून बोट टोचले. यंत्रावर आकडा आला २४०. दोन महिन्यांपूर्वीच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले होते, ‘बॉर्डरलाइन आहे, सांभाळा.’ आता घरात तीन मते पडतात. एकाच्या मते मधुमेह झालाच. दुसऱ्याच्या मते यंत्रच बिघडले आहे. तिसरा पुन्हा बोट टोचायला सांगतो आणि कमी आकडा आला की यंत्र कपाटात ठेवून देतो. या तिघांपैकी बरोबर कोण?

‘बॉर्डरलाइन’ म्हणजे नेमके काय?

वैद्यकीय भाषेत या अवस्थेला पूर्वमधुमेह म्हणतात. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या निकषांनुसार उपाशीपोटी रक्तशर्करा १०० ते १२५ मिलिग्रॅम असेल तर पूर्वमधुमेह आणि १२६ किंवा जास्त असेल तर मधुमेह. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायल्यानंतर दोन तासांनी १४० ते १९९ असेल तर पूर्वमधुमेह, २०० पासून पुढे मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सी चाचणीत ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे पूर्वमधुमेह, ६.५ पासून मधुमेह. जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीची खालची मर्यादा १०० ऐवजी ११० धरते. त्यामुळे १०४ हा आकडा एका डॉक्टरांना ‘बॉर्डरलाइन’ वाटतो आणि दुसऱ्यांना नाही. यात कोणाची चूक नसते.

महत्त्वाचे म्हणजे हे सारे निकष प्रयोगशाळेत, शिरेतून घेतलेल्या रक्ताच्या चाचणीचे आहेत. घरच्या ग्लुकोमीटरवरून मधुमेहाचे निदान करत नाहीत. त्रासाची ठळक लक्षणे नसतील तर प्रयोगशाळेतलाही एकच वाढीव निकाल पुरेसा धरला जात नाही. दुसऱ्या चाचणीने खात्री केली जाते.

घरचा आकडा किती खरा?

ग्लुकोमीटरसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार (आयएसओ १५१९७, २०१३) खरी साखर १०० किंवा जास्त असताना यंत्राचे ९५ टक्के निकाल खऱ्या आकड्याच्या १५ टक्के वर-खाली या पट्ट्यात असले पाहिजेत. साखर १०० पेक्षा कमी असेल तर फरक १५ मिलिग्रॅमपर्यंत चालतो. म्हणजे चांगल्या यंत्रालाही एवढी मुभा आहे.

आता हा हिशेब बॉर्डरलाइनवाल्याला लावून पाहू. समजा, उपाशीपोटी खरी साखर ११२ आहे. मानकात बसणारे यंत्र ती ९५ पासून १२९ पर्यंत कितीही दाखवू शकते. ९५ दिसले तर माणूस निर्धास्त होतो, १२९ दिसले तर त्याची झोप उडते. रक्त तेच, माणूस तोच. पूर्वमधुमेहाचा पट्टाच मुळी २५ आकड्यांचा आणि यंत्राची वर-खाली होण्याची मुभा ३४ आकड्यांची. इन्सुलिन घेणाऱ्याला साखर ८० आहे की २८० हे कळण्यासाठी हे यंत्र उत्तम आहे. ११२ की १२६ हा वाद मिटवणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

म्हणून एका आकड्यापेक्षा आठवड्याभराचा कल पाहायचा. एकदा १३१ दिसले, यातून फारसे काही कळत नाही. सात सकाळींपैकी सहा सकाळी १२५ च्या वर दिसले, तर ते यंत्राच्या माथी मारून चालणार नाही.

हापूस कापल्यावर आकडा का फुगतो?

चाचणीला लागणारा रक्ताचा थेंब अगदी छोटा असतो. बोटाला फळाचा रस लागलेला असेल तर त्यातली साखर थेंबात मिसळते आणि यंत्र रक्त व रस एकत्रच मोजते. जपानमधील संशोधकांनी २०११ मध्ये हे दाखवून दिले. संत्रे, द्राक्षे आणि किवी सोलल्यानंतर हात न धुता केलेल्या चाचणीत आकडे खूपच वाढलेले आले. स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसूनही ते पुरते उतरले नाहीत. पाण्याने हात धुतल्यावर मात्र उतरले.

आंब्याच्या दिवसांत कोकणातल्या घरांनी हे लक्षात ठेवायलाच हवे. साबणाने हात धुऊन, पूर्ण कोरडे करून मगच बोट टोचावे. ओल्या बोटामुळे थेंब पातळ होऊन आकडा उलट कमीही येऊ शकतो. टोचायचे ते बोटाच्या कडेला, आणि थेंब येत नाही म्हणून बोट पिळायचे नाही.

दुसरा शत्रू म्हणजे दमट हवा. चाचणीच्या पट्टीवरील रसायन ओलाव्याने खराब होते. डबीचे झाकण लगेच घट्ट लावावे, पट्ट्या स्वयंपाकघरात किंवा फ्रीजमध्ये ठेवू नयेत, डबीवरची मुदत पाहावी. रक्तातील हिमोग्लोबिन बरेच कमी असेल तर काही यंत्रे साखर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतात, हेही माहीत असावे.

रात्रभर उपाशी, तरी सकाळी साखर जास्त कशी?

रात्री आठला जेवून काहीही न खाता सकाळी सातला चाचणी केली आणि आकडा रात्रीपेक्षा जास्त आला, ही अनेकांची तक्रार असते. येथे यंत्राला दोष देण्याची घाई नको. पहाटे शरीर जागे होण्याची तयारी करते. कॉर्टिसोल, ग्रोथ हॉर्मोन यांसारखी संप्रेरके वाढतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते. निरोगी शरीर त्यावर लगेच पुरेसे इन्सुलिन सोडते. पूर्वमधुमेहात इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावलेला असतो, म्हणून सकाळचा आकडा चढा राहतो. अपुरी झोप, ताप, दाढेतला जंतुसंसर्ग, मोठा मानसिक ताण यांमुळेही तो वाढतो. गुडघ्यात घेतलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन किंवा दम्यासाठीच्या स्टेरॉइडच्या गोळ्या साखर बरीच वाढवू शकतात. असे औषध सुरू असेल तर डॉक्टरांना आधी ते सांगावे.

जेवणानंतर कधी मोजायचे?

जेवणानंतरचा वेळ पहिल्या घासापासून मोजतात. तासाभराने निरोगी माणसाची साखरही काही काळ १४० च्या वर जाऊ शकते. त्यामुळे आमरस-पुरीनंतर पाऊण तासाने आलेल्या १७० वरून निष्कर्ष काढू नये. दोन तासांनीही आकडा वारंवार १४० च्या वर राहत असेल तर मात्र ती नोंद डॉक्टरांना दाखवावी. आणखी एक गोष्ट : जेवणानंतर बोटातल्या रक्तातील साखर शिरेतल्या रक्तापेक्षा जास्त असते. त्यामुळे जेवणानंतरचा घरचा आकडा आणि प्रयोगशाळेचा आकडा जुळलाच पाहिजे असे नाही.

मग एचबीए१सी केले की झाले?

बहुतेकांसाठी ही चांगली चाचणी आहे, पण तिलाही एक मर्यादा आहे. लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या पंडुरोगात, म्हणजे ॲनिमियात, एचबीए१सी प्रत्यक्षापेक्षा जास्त येऊ शकते. थॅलेसेमिया किंवा तांबड्या पेशी लवकर नष्ट होणाऱ्या विकारांतही ती फसवू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांना ॲनिमिया होता. म्हणजे राज्यातल्या निम्म्याहून अधिक महिलांच्या बाबतीत एचबीए१सीचा अहवाल हिमोग्लोबिनच्या अहवालाशेजारी ठेवूनच वाचायला हवा. शंका असेल तर ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची चाचणी अधिक स्पष्ट उत्तर देते.

‘मी तर बारीक आहे,’ हा दिलासा खरा आहे का?

नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या ‘बारीक पण चरबीयुक्त’ शरीराकडे जगाचे लक्ष वेधले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्याला न दिसणारी ही चरबी पोटाभोवती साठते. म्हणून कंबर मोजावी : भारतीय पुरुषांसाठी ९० आणि महिलांसाठी ८० सेंटिमीटरच्या पुढे धोका वाढतो.

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटींना पूर्वमधुमेह असल्याचा अंदाज आहे. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, आपल्या शेजारच्या गोव्यात आढळले.

‘बॉर्डरलाइन’वरून परत फिरता येते का?

अनेकांना येते, आणि म्हणूनच ही अवस्था वाया घालवू नये. भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रम या चेन्नईतील अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. ग्लुकोज चाचणीत बॉर्डरलाइन ठरलेल्या ५३१ जणांचा त्यात समावेश होता. कोणतीही खास मदत न मिळालेल्या गटातील ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. रोज किमान अर्धा तास भरभर चालणे आणि आहारात बदल, एवढे करणाऱ्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले.

कोकणी ताटात हे बदल अवघड नाहीत. भाताचा ढीग कमी करून मासळी, कुळीथ, उसळ आणि भाजी वाढवणे, भात शेवटी घेणे, जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालणे. आंबा पूर्ण सोडण्याची गरज बहुतेकांना नसते. मात्र १०० ग्रॅम गरात साधारण १५ ग्रॅम साखर असते. एका वेळी दोन-चार फोडी आणि वाटीभर आमरस यांतला फरक तिथे आहे.

आकडा जास्त दिसला तर काय करावे?

- हात धुऊन, कोरडे करून, नव्या पट्टीवर पुन्हा चाचणी करा. दोन्ही आकडे लिहून ठेवा.
- सात दिवस सकाळी उपाशीपोटी आणि एका मुख्य जेवणानंतर दोन तासांनी मोजा. वेळ, जेवण, झोप, आजारपण शेजारी नोंदवा.
- उपाशीपोटीच्या तपासणीला जाताना यंत्र सोबत न्या. शिरेतून रक्त घेतात त्याच वेळी बोटाचीही चाचणी करा. अहवालाशी फरक १५ टक्क्यांच्या आत असेल तर यंत्र ठीक आहे.
- ३० वर्षांवरील व्यक्तींसाठी उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मधुमेहाची प्राथमिक तपासणी मोफत होते.
- घरातील दुसऱ्या कोणाची मधुमेहाची गोळी घेऊ नका. काही गोळ्यांनी साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.
- बोट न टोचता साखर सांगणाऱ्या घड्याळांवर आणि अंगठ्यांवर विसंबू नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांच्याबाबत इशारा दिला आहे.
- आकडा वारंवार २०० च्या वर असेल, सोबत खूप तहान, वारंवार लघवी किंवा वजन घटणे असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. ३०० च्या आसपास आकडा आणि उलट्या, धाप किंवा गुंगी असेल तर थेट रुग्णालय गाठा.

मग तिघांपैकी बरोबर कोण?

पुन्हा चाचणी करायला सांगणारा, पण अर्धाच. आकडा जास्त आला की आपण हात धुतो, पट्टी बदलतो, यंत्रावर शंका घेतो. ९५ आला की यातले काहीही करत नाही. यंत्र मात्र दोन्ही बाजूंना सारखेच चुकते. वाईट आकड्याची जितकी उलटतपासणी करतो, तितकीच चांगल्या आकड्याचीही करायला हवी. आणि कमी आकडा मिळाला म्हणून यंत्र कपाटात ठेवण्याआधी एकदा प्रयोगशाळेत जाऊन खात्री करून घ्यायला हवी.