घरी हात लावला म्हणून गाडी बिघडत नाही

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. शेवटी पिकावर येतोच.

गेल्या आठवड्यात आमच्या जुन्या गाडीचा डिझेल फिल्टर मी घरीच, गोठ्यापुढं बदलला. गाडी चालू झाली, मिनिटभर चालली आणि बंद पडली. परत स्टार्टर मारला, तेच. झालं, निम्मी गल्ली गोळा. एक म्हणाला, "पंप गेला." दुसरा म्हणाला, "नोझल." तिसरा म्हणाला, "दादा, आपलं काम उसाचं. गाडीत कशाला हात घालायचा?" या तिसऱ्यासाठी हे लिहितोय.

अहो, सकाळपर्यंत नीट चालणारा पंप नेमका फिल्टर बदलल्यावरच कसा जाईल? पहिला संशय ज्याला हात लागला त्याच्यावर घ्यायचा. हातपंप दाबून बघितला, कडकच होईना. म्हणजे लाइनीत हवा. फिल्टर परत खोलला, तर जुनी रबर रिंग वर चिकटून राहिलेली आणि तिच्यावरच मी नवी बसवलेली. तिथनं हवा आत जात होती. बाहेर डिझेलचा थेंब नाही, कारण तिथं पंप डिझेल ओढत असतो. जुनी रिंग काढली, हवा काढली, गाडी चालू. खर्च शून्य. पंप खोलायला लावला असता तर उसाच्या बिलातले हजारो गेले असते.

चूक माझीच होती, कबूल. पण म्हणून पाना खाली ठेवायचा? बॅटरी बदलल्यावर स्टार्टर ओढेना तर आधी टर्मिनल आणि अर्थची वायर बघा. कूलंट बदलल्यावर गाडी तापली तर इंजिन गार झाल्यावर आत हवा अडकली का बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला, खोलण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. दोन-चार पार्ट एकदम बदलले की कुठं चुकलं ते देवालाही कळणार नाही.

ब्रेक, स्टेअरिंग, एअरबॅगला मात्र घरी हात नको. कॉमन रेल गाडीत डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो, चालू इंजिनावर ती लाइन सैल करायची नाही. आणि मिस्त्रीकडं गेलात तर काय काय खोललं ते लाज न बाळगता सांगा. लपवलंत तर त्याचा दिवस जातो आणि तुमचा पैसा.

आता पिकाचं. उसात टू-फोर-डी मारलेला पंप नीट न धुता टोमॅटोवर वापरतो, शेंडे पिळवटतात, पानं वाकडी होतात. आणि आपण व्हायरस म्हणून दुकानातनं औषध आणतो! मागच्या फवारणीला पंपात काय होतं, हे किती जण विचारतात? कृषी सल्लागार साहेबांनो, तुम्हीही बाटली लिहून द्यायच्या आधी एवढं विचारत जा.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनली आणि आपल्या म्हाताऱ्यांनी ती विहिरीवर स्वतः खोलून-जोडून चालवली. त्यांची पोरं आपण, आणि फिल्टरला घाबरायचं?

बघा पटतंय का. तुमचं काय चुकलं होतं तेही खाली लिहा, दुसऱ्याचा पैसा वाचंल.