तक्रार नसतांनाची तपासणी

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषय कुटुंबांत वाचावयाच्या मासिकांत कशास, असें कांहीं वाचक विचारतील. आमचें उत्तर असें कीं, या रोगाचा घाला कुटुंबावरच पडतो, आणि कुटुंबाच्या मौनामुळेंच तो उशिरां कळतो.

एका विषाणूचा संसर्ग दीर्घकाळ टिकला म्हणजे हा रोग उद्भवतो. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउझेन यांस या शोधाबद्दल २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. संसर्गापासून कर्करोगापर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षें लोटतात. तेवढ्या अवधींत वेदना नसते. म्हणून 'मला कांहींच होत नाहीं, मग तपासणी कशाला?' असें गृहिणी म्हणते. परंतु उपचारास अनुकूल काळ तोच!

उपाय खर्चाचा आहे काय? मुळींच नाहीं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयानें १९९८ पासून सुमारें दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकीं निम्म्या स्त्रियांस दहावीपर्यंत शिकलेल्या व चार आठवडे तयार केलेल्या सेविकांनीं दर दोन वर्षांनीं तपासलें. व्हिनेगरांतील सौम्य आम्ल लावावयाचें. मिनिटभरानें सदोष भाग पांढरा दिसतो. एवढ्यानें या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनीं घटले. तथापि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत ३० ते ४९ वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकीं शंभरांत दोघींचीही अशी तपासणी झालेली आढळली नाहीं.

दोष केवळ दवाखान्यांचा नव्हे. तेथें स्त्री सेविका असावी, पडदा असावा, काय करणार तें आधीं सांगावें, हें खरेंच. पण सुशिक्षित घरांतही लज्जेस भूषण मानून आरोग्याचा बळी दिला जातो. पाळी थांबली म्हणजे भय सरलें, हाही भ्रमच. उलटपक्षीं, तपासणींत दोष आढळला म्हणजे कर्करोगच झाला असें नव्हे. पुष्कळदां तो होण्यापूर्वींच थांबवितां येतो.

म्हणून आमची विनंती गृहिणींपेक्षां गृहस्थांस अधिक आहे. तीस वर्षांवरील पत्नीस व सुनेस जवळच्या आरोग्यकेंद्रांत स्वतः घेऊन जा. बाहेरच्या बाकावर बसून राहा. आणि घरीं धुणेंभांडीं करणाऱ्या बाईसही त्यासाठीं भरपगारी अर्धा दिवस द्या. तिची तपासणी राहून जाते ती पुष्कळदां लज्जेनें नव्हे, तर बुडणाऱ्या रोजाच्या भीतीनें.